पाणी 30 फुटांवर गेलं की काठावरची मोटर पाणी का सोडते?

प्रश्न थोडक्यात असा. सिन्नर तालुक्यातली 45 फूट खोल विहीर, काठावर 5 एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र), सक्शन म्हणजे विहिरीतून पंपाकडे येणारा पाइप अडीच इंची. दिवाळीच्या सुमाराला पाणी 14 फुटांवर असतं तेव्हा मोटर झकास चालते. पुढे धार बारीक होत जाते, पंपातून खडखड ऐकू येते आणि पाणी 30 फुटांवर गेलं की मोटर नुसतीच फिरते. दुकानदार म्हणतो, साडेसात एचपी टाका. नववीतली मुलगी म्हणते, हवेच्या दाबावर पाणी 10.3 मीटर चढतं आणि 30 फूट म्हणजे 9.14 मीटर, तेव्हा आहे त्याच मोटरने पाणी यायला हवं. ऐकायचं कोणाचं?

मुलीचं ऐका. तिच्या गणितात तीन वजाबाक्या राहिल्यात, पण वाट बरोबर आहे. दुकानदाराची वाटच चुकलीय. त्याच सक्शनवर साडेसात एचपी बसवलात तर आज 14 फुटांवर चालणारं कामही बिघडेल. का ते सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच आणि दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी मोठी मोटर आणून बसतंच.

आधी एक समजूत डोक्यातून काढावी लागेल. पंप पाणी ओढत नाही. आपण बोलताना 'मोटर पाणी ओढते' म्हणतो, त्याला हरकत नाही, पण पाण्याला धरून ओढायला त्याला काही दोरी बांधलेली नसते. पंप करतो एवढंच की त्याच्या तोंडाशी, म्हणजे इंपेलरच्या (आतल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या) मधोमध, दाब कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतोच. एका टोकाला दाब जास्त, दुसऱ्या टोकाला कमी, म्हणून पाणी पाइपातून वर ढकललं जातं. ढकलणारी हवा आहे. मोटर फक्त वरची वाट मोकळी करते.

आता ही हवा ढकलून ढकलून किती ढकलणार? समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार साधारण 1.03 किलो असतो. एक चौरस सेंटिमीटर तोंडाची नळी घ्या आणि त्यात 10.3 मीटर उंच पाणी उभं करा. ते झालं 1030 घन सेंटिमीटर, म्हणजे 1.03 किलो पाणी. दोन्ही बाजू तुल्यबळ झाल्या, खेळ संपला. याच्या वर पाणी चढणार नाही, वर अगदी काहीही नसलेली पोकळी केली तरी. पोकळीपेक्षा कमी दाब कोणताच पंप करू शकत नाही, मग तो 5 एचपीचा असो की 50 एचपीचा.

'पाइप जाड घेतला तर?' असं पुष्कळजण विचारतात. जाड पाइपात हवेला ढकलायला जागा जास्त मिळते हे खरं, पण उचलायचं पाणीही तेवढ्याच पटीने वाढतं. उंची तीच राहते. जाड पाइपाचा फायदा वेगळ्याच कारणाने होतो, ते पुढे येईल.

गंमत म्हणजे ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या आधी पंप दुरुस्त करणाऱ्यांना ठाऊक होती. गॅलिलिओच्या 1638 साली छापलेल्या ग्रंथात एक पात्र सांगतं की पंप बंद पडला म्हणून कारागिराला बोलावलं, तर तो म्हणाला पंपात काही बिघाड नाही, पाणीच फार खाली गेलंय. 18 हातांपेक्षा एक केसही जास्त उचलणारा पंप करता येत नाही. तिथले 18 हात म्हणजे साडेदहा मीटरच्या आसपास. कारागीर बरोबर होता, पण कारण देताना गॅलिलिओच घसरला. फार लांब दोर जसा स्वतःच्याच वजनाने तुटतो तसा पाण्याचा खांब तुटतो, असं त्याने मांडलं. हवेचं वजन हे खरं कारण त्याचा शिष्य टॉरिचेलीने 1643-44 च्या सुमारास दाखवलं. पाण्याऐवजी त्याने 13.6 पट जड पारा घेतला, त्यामुळे दहा मीटरच्या नळीचं काम 76 सेंटिमीटरमध्ये झालं. पुढे 19 सप्टेंबर 1648 ला पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढला आणि माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा सुमारे 8 सेंटिमीटरने खाली दिसला. उंचावर हवा कमी, म्हणून ढकलही कमी.

तुमच्या विहिरीचं गणित नेमकं या डोंगरापासून सुरू होतं.

10.3 मीटर हा आकडा अलिबाग-रत्नागिरीचा आहे. सिन्नरचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटरवर. आपल्याकडच्या उंचीवर दर 100 मीटर चढलं की हवेची ढकल पाण्याच्या हिशेबात सुमारे 12 सेंटिमीटरने घटते. म्हणजे तुमच्याकडे 10.3 नाही, 9.6 मीटरच शिल्लक. (महाबळेश्वरला तर 8.8 च्या आसपास.) ही पहिली वजाबाकी.

दुसरी वजाबाकी पाण्याच्या वाफेची. दाब कमी केला की पाणी कमी तापमानालाच उकळतं. 30 अंशाचं विहिरीचं पाणीसुद्धा दाब पुरेसा उतरवला तर थंडच्या थंड उकळायला लागतं, आणि मग पाइपाच्या वरच्या टोकाला पोकळी न राहता वाफ भरते. ही वाफ उलट खाली दाबते. त्यात साधारण 0.4 मीटर गेले. उरले 9.2.

इथे थांबून मुलीला दाखवा. तुमचं पाणी 9.14 मीटरवर आहे आणि हवा जास्तीत जास्त 9.2 मीटर ढकलू शकते. पाणी चढेल, पंपाच्या तोंडापर्यंत येईलही, पण तिथे नुसतं उभं राहील. वाहायला लावायचं तर काहीतरी ढकल शिल्लक हवी, आणि इथे उरलीय जेमतेम 6 सेंटिमीटर. पुस्तकातला आकडा उभ्या असलेल्या पाण्याचा असतो, आपल्याला हवं असतं वाहणारं पाणी.

तिसरी वजाबाकी या वाहण्याची, आणि सगळ्यात मोठी तीच. तुमचा पंप सेकंदाला 8 लिटर देतो असं धरू. या आकाराच्या पंपाला तेवढं जमतं. अडीच इंची पाइपात ते पाणी सेकंदाला सुमारे 2.4 मीटर वेगाने धावतं. फूटव्हॉल्व्हच्या (पाइपाच्या खालच्या टोकाला असलेल्या एकतर्फी झडपेच्या) जाळीतून शिरताना, वरच्या बेंडला वळताना आणि 12 मीटर पाइपाच्या भिंतींना घासताना मिळून साधारण 2.4 मीटर खर्ची पडतात. शिवाय इंपेलरच्या तोंडाशी पाणी एकदम वेग घेतं तेव्हा दाब आणखी उतरतो, त्यासाठी पंपालाच स्वतःचा वाटा लागतो. पंपाच्या कागदावर तो एनपीएसएच या नावाने दिलेला असतो. अशा मोनोब्लॉकला अडीच मीटर धरा. आता 9.2 मधून 2.4 आणि 2.5 वजा करा. राहिले 4.3 मीटर, म्हणजे 14 फूट.

तुमची मोटर दिवाळीला 14 फुटांवर खुशीत चालते ती याच कारणाने. ती तेव्हाही काठावरच होती, दोन्ही अर्थांनी.

मग पाणी 18-20 फुटांवर गेलं तरी मोटर लगेच बंद का पडत नाही? कारण धार आपोआप बारीक होते. पाणी कमी वाहिलं की घर्षणाचा खर्चही घटतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: वेग निम्मा झाला तर खर्च चौथाई. त्यामुळे पंप कमी पाण्यावर कसाबसा तग धरतो. तुम्ही म्हणता ती खडखड नेमकी याच दिवसांतली. इंपेलरच्या पात्यांच्या सुरुवातीला दाब इतका उतरतो की तिथे पाणी उकळून वाफेचे बारीक बुडबुडे होतात. तेच बुडबुडे पात्यावरून पुढे सरकले की जास्त दाबात सापडतात आणि क्षणात मिटतात. मिटताना प्रत्येक बुडबुडा धातूवर ठोका मारतो. बाहेरून ऐकलं तर पंपात कोणी मूठभर खडी टाकलीय असं वाटतं. दोन उन्हाळे असं चालवलेला इंपेलर उघडून बघा: पात्यांच्या आतल्या कडेला, पाणी शिरतं त्या बाजूला, बोटाला टोचतील असे खड्डे दिसतात, बाहेरची कड मात्र बऱ्यापैकी गुळगुळीत. वाळूने झिजलेला इंपेलर असा दिसत नाही, तो बाहेरच्या कडेलाही झिजतो. खड्डे आतल्या कडेला असतील तर बिघाड सक्शनला शोधायचा.

आता साडेसात एचपी. मोठा पंप त्याच अडीच इंची पाइपातून सेकंदाला 8 ऐवजी 11 लिटर घ्यायला बघेल. वेग 1.4 पट, म्हणून घर्षणाचा खर्च जवळजवळ दुप्पट: 2.4 चे साडेचार मीटर. पंपाचा स्वतःचा वाटाही वाढतो, 3 मीटर धरा. 9.2 मधून साडेसात गेले, राहिले 1.7 मीटर. साडेपाच फूट! म्हणजे पाणी काठाशी असेल तेव्हाच ही मोटर पूर्ण पाणी देणार, बाकी वर्षभर खडखडणार आणि वीजबिल मात्र वाढवणार. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही. पुढे शेतात पाणी उंच चढवायचं असेल तर जास्त एचपी खरंच लागते, आणि तो तोच नियम सक्शनला लावतो.

उलट त्याच 5 एचपीला तीन इंची सक्शन लावलं तर? वेग उतरून 1.6 मीटरवर येतो, खर्च 2.4 वरून 0.9 वर. दीड मीटर वाचले. आता मोटर 14 ऐवजी 19 फुटांपर्यंत पूर्ण ताकदीने चालेल. जाड पाइपाचा खरा फायदा हा. फूटव्हॉल्व्हही तीन इंची मोठ्या जाळीचा घ्या; पाइप तीन इंची आणि खाली जुनाच अडीच इंची व्हॉल्व्ह रिड्युसर लावून बसवलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो, त्यात निम्मा फायदा वाया जातो.

पण तुमचं पाणी 30 फुटांवर जातं. पाइप बदलून 19 गाठता येतील, 30 नाही. तेव्हा पाइपावर पैसे घालण्याआधी पुढचं वाचा.

त्याही आधी एक खात्री करून घ्या की बिघाड खरंच खोलीचा आहे, हवा धरण्याचा नाही. दोन्हींत मोटर नुसती फिरते, त्यामुळे गल्लत होते. पंपात हवा असेल तर इंपेलर लाचार होतो. तुमच्याकडच्या हवेपेक्षा पाणी सुमारे 900 पट जड. पाण्यात 25 मीटर हेड देणारा, म्हणजे पाणी 25 मीटर चढवण्याइतका दाब करणारा इंपेलर हवेत तितकाच जोरात फिरला तर जेमतेम 3 सेंटिमीटर पाणी उचलण्याइतका दाबफरक करतो. म्हणून तर सुरू करण्याआधी पंप पाण्याने भरावा लागतो, त्यालाच प्रायमिंग म्हणतात.

ओळखायला सोपा उपाय म्हणजे सक्शनच्या बाजूला व्हॅक्यूम गेज. पंपाच्या तोंडाजवळ बहुतेक वेळा त्यासाठी एक प्लग असतोच. गेज मिलिमीटर पाऱ्यात वाचायचा. तुमच्या उंचीवर काटा 700 च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण तिथली हवाच तेवढी. तुमच्या हिशेबातला 14 फुटांचा प्रसंग गेजवर 500 च्या आसपास दिसेल. त्यापुढे काटा सरकला की खडखड सुरू. पाणी येत नाही आणि काटा 650 च्या आसपास जाऊन बसलाय, तर पंप आपलं काम करतोय. एकतर पाणी फार खाली आहे किंवा फूटव्हॉल्व्हची जाळी पाल्याने बुजलीय. पाणी येत नाही आणि काटा शंभर-दीडशेवर रेंगाळतोय, तर कुठूनतरी हवा शिरतेय.

हवा शिरते ती जागा डोळ्यांना दिसत नाही, कारण चालू पंपात सक्शनचा जॉइंट बाहेर गळत नाही, आत हवा घेतो. पाइप कोरडा ठणठणीत दिसतो आणि माणूस फसतो. मोटर बंद करून पाइप काठोकाठ भरा आणि वरचा प्लग उघडा ठेवून तासाभराने बघा. पाणी उतरलं असेल तर फूटव्हॉल्व्ह बसत नाही किंवा जॉइंट गेलाय, आणि अशा वेळी जॉइंटला ओल दिसते. मोटर चालू असताना जॉइंटजवळ उदबत्ती धरली आणि धूर तिकडे वळला तर तीच जागा. ग्लँडकडेही बघा, म्हणजे फिरता दांडा पंपात शिरतो तिथे दोरा भरून हवा-पाणी अडवलेलं असतं त्या जागेकडे. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे. ते पूर्ण बंद करायच्या नादात दोरा कोरडा पडला की तिथूनच हवा शिरते. आणि आडवा पाइप विहिरीकडून पंपाकडे सतत किंचित चढता हवा. मध्ये कुठे कुबड आलं की तिथे हवा साठते आणि जाता जात नाही.

हे सगळं ठीक निघालं तर उपाय एकच: पंप पाण्याजवळ न्यायचा. ढकलणाऱ्या हवेला मर्यादा आहे, पण पंपाच्या पुढच्या बाजूला तशी मर्यादा नाही. तिथे दाब इंपेलर तयार करतो आणि तो हवेच्या दाबाच्या कितीतरी पट असू शकतो. तुमचा हाच 5 एचपीचा पंप पाण्यापासून दहा फुटांवर ठेवला तर वर 60-70 फूट आरामात पाणी फेकेल. म्हणून जुन्या विहिरींत मध्ये दगडी टप्पा बांधलेला असतो किंवा भिंतीत अँगल ठोकून मोटर खाली बसवलेली असते. त्याचा त्रास एवढाच की पावसाळ्यात पाणी चढलं की मोटर बुडते, म्हणून मृगाआधी चेनपुलीने वर काढावी लागते. एखाद्या वर्षी पाऊस रात्रीतून येतो आणि सकाळी मोटर रिवाइंडिंगला न्यावी लागते.

मोटच्या काळात हा प्रश्नच नव्हता, तेही लक्षात घ्या. मोट पाण्यात बुडते, भरते आणि बैल तिला दोराने वर आणतात. तिथे खरोखर ओढणंच आहे, हवेचा संबंध नाही, म्हणून पाच परस (परस म्हणजे पुरुषभर उंची) खोल असो की दहा परस, दोर पुरला की झालं.

मुलगी हुशार दिसते, तेव्हा ती पुढे विचारणारच की साठ फुटी नारळाच्या शेंड्यापर्यंत पाणी कसं जातं. उत्तर वेगळं आहे. झाडातल्या नळ्या अतिशय बारीक असतात आणि त्यात पाण्याचा सलग, हवा नसलेला धागा असतो. पानांतून पाणी उडून जातं तसा तो धागा वर ताणला जातो. पाण्याचे कण एकमेकांना आणि नळीच्या भिंतीला धरून असल्यामुळे तो तुटत नाही. म्हणजे झाड खरंच ओढतं! अडीच इंची पाइपात मात्र विरघळलेली हवा आणि गंज असतो, तिथे ताण पडायच्या आतच बुडबुडा होतो.

तुमच्यासाठी मी ओपनवेल सबमर्सिबल सुचवेन. ती कायम पाण्यात राहते, तिच्यावर हवेच्या दाबासोबत पाण्याचाही दाब असतो, म्हणून सक्शनची चिंता नाही, प्रायमिंग नाही, फूटव्हॉल्व्ह नाही. विहिरीच्या तळापासून दोन-तीन फूट वर, गाळ खाणार नाही अशी टांगायची. जेट पंपही खोलवरून पाणी काढतो, पण उपसलेल्या पाण्यातलं बरंचसं पाणी परत खाली पाठवून त्याच्या जोरावर. वीज जास्त आणि पाणी कमी. घरगुती बोअरला ठीक, शेतीला नको.

एचपी किती, हा हिशेबही करून टाकू. उन्हाळ्यात पाणी 35 फुटांपर्यंत उतरेल असं धरा: 10.7 मीटर. शेताची टाकी विहिरीच्या तोंडापासून समजा 12 मीटर चढावर आहे. 180 मीटर तीन इंची पीव्हीसीत सेकंदाला 7 लिटरला घर्षण साधारण 4 मीटर. बेंड, व्हॉल्व्हचा 1 मीटर. बेरीज 28 मीटरच्या आत. सेकंदाला 7 लिटर पाणी 28 मीटर चढवायला निव्वळ 1.9 किलोवॅट लागतात. पंपाची कार्यक्षमता 55 टक्के धरली तर साडेतीन किलोवॅट. 5 एचपी म्हणजे 3.7 किलोवॅट. भागलं. चढ आणि लांबी तुमची मोजून टाका, गणित हेच. दुकानात 'पाच एचपी द्या' न म्हणता '28 मीटर हेडला सेकंदाला 7 लिटर देणारी द्या' असं सांगा आणि पाटीवर हेडची रेंज बघून घ्या. 50 मीटर हेडसाठी बनवलेली मोटर 28 वर चालवली तर ती गरजेपेक्षा जास्त पाणी फेकू बघते, अँपियर चढतात आणि कॉइल जळते.

उतरवताना नायलॉनचा दोर किंवा साखळी मोटरच्या कडीला बांधा, केबलला लोंबकळत सोडू नका. आणि विहिरीत कोणी असेल तोवर पेटीचे फ्यूज काढून खिशात ठेवा, नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. जुना मोनोब्लॉक मोडीत घालू नका. तीन इंची सक्शन लावून शेततळ्यावर तो अजून बरीच वर्षं चालेल.